चौदा नंबरचं काम

आमच्या समोरच्या दारातल्या भाऊजींइतका तयारीचा माणूस देवाने दुसरा घडवला नसावा. घडवायला बसला असता, तरी भाऊजी शेजारी उभे राहून विचारत राहिले असते, की माती चाळून घेतली का, पाणी पुरेल का, आणि मध्येच कुणी हाक मारली तर अर्धवट माणसावर झाकायला काही आणलंय का. आखातात, अबूधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत ते शटडाऊन प्लॅनर होते. रिफायनरी दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर बंद करतात, तिच्या पोटातली सगळी साफसफाई आणि दुरुस्ती उरकतात आणि पुन्हा चालू करतात. त्या महिन्यात कुठला नट कुणी कधी सोडायचा, हे भाऊजी वर्षभर आधी ठरवून ठेवत. प्रत्येक कामाला नंबर, कामापुढे वेळेची आडवी पट्टी, आणि शेवटच्या रकान्यात 'आधीचं काम'. आधीचं काम झाल्याची सही पडल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा त्या जगाचा नियम, आणि तो योग्यच आहे. तिथे घाई केली तर माणसं भाजतात. भाऊजींची गंमत एवढीच, की संध्याकाळी घरी येताना हा नियम कंपनीच्या गेटवर ठेवून यावा, हे त्यांना कधी सुचलं नाही.

त्यांच्या ओट्यावर चहाचा कागद चिकटवलेला होता. 'काम ३ : आलं किसणे. आधीचं काम : २, आलं धुणे.' मी हसले तर म्हणाले, "वहिनी, हसा, पण न धुतलेलं आलं एकदा तरी किसलंय की नाही तुम्ही?" किसलं होतं. माझ्या मुलाच्या सातव्या वाढदिवसाला त्यांनी केक कापायच्या आधी बावीस पोरांना भर उन्हात पार्किंगमध्ये नेलं, आग लागली तर कुठे जमायचं ते दाखवलं, आणि रांगेत उभं करून मोजलं. एकवीस भरली. बाविसावा बाथरूममध्ये होता, पण तो मिळेपर्यंत कुणाला आत सोडेनात. माझा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "ममा, अंकल इज काउंटिंग अस अगेन." समुद्रावर सहलीला गेलो तर गुडघाभर पाण्यात उतरण्याआधी आम्हाला दहा मिनिटं पाण्याचे धोके आणि त्यावरचे उपाय ऐकावे लागत. गाडी ते नेहमी उलटी लावत, म्हणजे पळायची वेळ आली तर सरळ निघता येतं. सोळा वर्षांत पळायची वेळ एकदाही आली नाही, पण त्यांची गाडी तयार होती. वैतागायचो आम्ही, आणि गावाला जाताना घराची किल्ली मात्र त्यांच्याकडेच ठेवून जायचो.

हा माणूस एकटा राहत होता, हे त्यातलं दुःख. त्यांची बायको मंदाताई आणि मुलगी केतकी आधी तिथेच होत्या. केतकी पाचवीत गेली आणि आम्हा सगळ्यांपुढे उभा राहायचा तो प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, की पुढच्या शिक्षणाचं काय. मंदाताईंना पुण्यात शाळेत नोकरी मिळाली, मायलेकी तिकडे गेल्या, आणि वर्षातून एक महिना भाऊजी पुण्याला जाऊन बाप होऊन येऊ लागले. उरलेले अकरा महिने फोन. दर शुक्रवारी संध्याकाळी पाचला, समोर मुद्द्यांचा कागद ठेवून: अभ्यास, तब्येत, सायकल, दात. एकेका मुद्द्यावर बरोबरची खूण व्हायची, आणि शेवटची खूण झाली की "खलास, ठेवतो गं," म्हणून फोन खाली. एकदा मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा पलीकडून केतकीचा आवाज चांगला मला ऐकू येत होता, काहीतरी रंगून सांगत होती, आणि यांनी ठेवून दिला. मी म्हटलं, अहो भाऊजी, ती बोलत होती. ते कावरेबावरे झाले. ते मुद्द्यात नव्हतं, म्हणाले. पुढच्या शुक्रवारी कागदावर पाचवा मुद्दा होता : 'मागच्या वेळी काय सांगत होतीस?' तिला ते आठवलं नाही. भाऊजींनी त्या मुद्द्यापुढे खूण केली नाही, कागद तसाच घडी करून खिशात ठेवला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

व्हिएन्नाचं खूळ केतकीचं. ती आठ-नऊ वर्षांची असताना कुठल्याशा वाल्व्ह विकणाऱ्या कंपनीचं कॅलेंडर त्यांच्या घरी लागलं होतं, त्यावर व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चचं चित्र होतं, छपरावर रंगीत कौलांची नक्षी असलेलं. हे खरंच आहे का, आपण बघायला जाऊ या का, असं तिने विचारलं आणि भाऊजी म्हणाले, इन्शाल्ला, पुढच्या सुट्टीत. पुढच्या सुट्टीत शटडाऊन आलं. त्याच्या पुढच्या वेळी शटडाऊन लांबलं. मग मायलेकी पुण्याला गेल्या. असं करता करता पोरगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, आर्किटेक्चरला जायचं म्हणू लागली, आणि मंदाताईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, की आता बाप-लेक दोघंच जा, मी येत नाही, तुमची एकमेकांशी ओळख तरी होऊ दे.

मग काय, भाऊजींनी व्हिएन्नाचं शटडाऊन काढलं. पाच दिवसांच्या सहलीचे पाच मोठे तक्ते, ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेले, घडी घालून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. पहिला दिवस सगळ्यात बारीक आखलेला. केतकीला दगडी रस्त्यांसाठी बूट घेणे, चित्रांच्या सामानाच्या दुकानातून वही आणि पेन्सिली घेणे, चर्च आतून, चर्च बाहेरून, ट्रामने जुन्या शहराला फेरी, आणि साडेचारला एका गल्लीतल्या जुन्या, छोट्या दुकानात चॉकलेटचा केक. लहानपणी तिला तोच आवडायचा. पहिला दिवस कुठला धरायचा यावर आमच्या दिवाणखान्यात दोन शुक्रवार खल झाला. भाऊजींनी विजयी मुद्रेने सांगितलं, की शुक्रवारी सगळं बंद असतं, म्हणून त्यांनी मुद्दाम रविवार धरलाय. आठवडा सुरू होऊन एक दिवस झालेला, दुकानं रुळावर आलेली. माझ्या नवऱ्याने मान डोलावली. मीही डोलावली. तक्ता कॉलनीतल्या पाच-सहा इंजिनियरांनी तपासला आणि त्यातल्या एकालाही काही खटकलं नाही. इतकी वर्षं गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवारी सकाळी मुलांना शाळेत धाडणारी आम्ही माणसं. रविवार म्हणजे आम्हाला भर कामाचा दिवस.

त्या तक्त्यात चौदा नंबरचं एक काम होतं. 'केतकीशी बोलणे. वेळ : तीस मिनिटं. आधीचं काम : १३, केक.' त्यातली गोष्ट फक्त मंदाताईंना, माझ्या नवऱ्याला आणि मला माहीत होती. भाऊजींनी अबूधाबीच्या ऑफिसात बदली मागितली होती. तिथे फॅमिली फ्लॅट मिळणार होता. शारजाला आर्किटेक्चरचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. केतकी आली तर आठवडाभर हॉस्टेलवर राहील आणि सुट्टीचे दोन दिवस बापाजवळ. मंदाताईंची हरकत नव्हती, मात्र पोरीला तुम्ही स्वतः विचारा, एवढं त्यांनी बजावलं होतं. सुट्टीवरून परतल्यावर कंपनीला हो किंवा नाही कळवायचं होतं. "वहिनी, सात वर्षं गेली हो," भाऊजी मला म्हणाले. "अजून पाच मिळाली तर बघतो."

जाण्याआधी केतकी आठवडाभर रुवैसला आली होती. बापाला वांग्याची भाजी करून घालायची म्हणून माझ्याकडे शिकायला यायची. मला काही राहवलं नाही. पोळ्या लाटता लाटता मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पोरीला विचार करायला वेळ तरी मिळेल. तव्यावरची पोळी करपली तरी तिने ती उलटली नाही. मग माझं मलाच भान आलं आणि मी तिला शपथ घातली, की मी सांगितलं हे बाबांना कळता कामा नये, त्यांनी विषय काढेपर्यंत तू एक शब्द काढायचा नाहीस. "प्रॉमिस, काकू," ती म्हणाली. तिचं उत्तर काय असेल ते मी विचारलं नाही. तेवढा पोच मला होता.

पुढचं मला दोघांकडून वेगवेगळ्या वेळी कळलं, ते जोडून सांगते. रविवारी सकाळी बरोबर साडेआठला बाप-लेक हॉटेलातून बाहेर पडले, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. बुटांचं दुकान बंद. चित्रांच्या सामानाचं दुकान बंद. भाऊजींना वाटलं, उशिरा उघडत असतील. ते दुकानासमोर घड्याळ धरून उभे राहिले. चर्चमध्ये गेले तर प्रार्थना चाललेली, प्रवाशांनी मागच्या कठड्याशी थांबायचं. केतकी तिथे अर्धा तास खांबांकडे आणि वरच्या कमानींकडे बघत राहिली, आणि भाऊजी शेजारी उभे राहून कुजबुजत होते, की आपण चाळीस मिनिटं मागे आहोत. बाहेर आल्यावर तिला ती कौलं दिसली. कॅलेंडरवरचीच, हिरवी-पिवळी. ती वेडी झाली. आत्ताच्या आत्ता काढायचंय म्हणाली, आणि वही तर बंद दुकानात.

तेव्हा भाऊजींनी जे केलं, ते त्यांनी स्वतः मला सांगितलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. त्यांनी फोल्डरमधून त्या दिवसाचा तक्ता काढला, कोरी बाजू वर केली आणि खिशातल्या पेनासकट तिच्या हातात दिला. आता तक्ता उलटा झाला, म्हणजे पुढे काय करायचं ते दोघांनाही दिसेना. टेकायला काही नव्हतं, म्हणून ते कमरेत वाकले, हात गुडघ्यांवर रोवले आणि म्हणाले, ठेव पाठीवर. पाऊण तास तो माणूस त्या चौकात वाकून उभा होता. त्यांना दिसत होते फक्त दगड आणि कबुतरं. कुणी परदेशी बाईने त्यांचा फोटो काढला. पाठीचं दुखणं त्यांना आधीपासून होतं, पण मी विचारलं तेव्हा म्हणाले, हललो असतो तर लाइन वाकडी गेली असती. केतकीने मला सांगितलं, की कागदाखाली त्यांचा श्वास वर-खाली होताना तिच्या हाताला कळत होता. इतक्या जवळ ती त्यांच्या कधी उभीच राहिली नव्हती.

त्यानंतर दोघं वाट फुटेल तिकडे हिंडले. ट्राममध्ये चुकीच्या बाजूला बसले, नदी समजून कालवा बघून आले, एका बाकावर बसून मी दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. केतकी दाखवत होती, ही खिडकी बघा, हा दरवाजा बघा, आणि भाऊजींना कित्येक वर्षांत पहिल्यांदा किती वाजले ते माहीत नव्हतं. ती शाळेतल्या गमती सांगत होती. त्यांनी एकही मुद्दा मध्ये घातला नाही. बाबा हसतात कसे, हे मला त्या दिवशी कळलं, असं ती मला म्हणाली.

केकची वेळ मात्र भाऊजींना पाठ होती, साडेचारला ते बरोबर त्या दुकानासमोर पोचले. दाराला कुलूप. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजीबाईंना भाऊजींनी खुणेने विचारलं, तेव्हा त्या आधी दुकानाकडे, मग यांच्याकडे बघून हळूच म्हणाल्या, की आज रविवार. भाऊजी जागच्या जागी थिजले. मग केतकीकडे वळून म्हणाले, "म्हणजे इथला शुक्रवार आज आहे." ती हसत हसत दुकानाच्या पायरीवरच बसली. तेही बसले. तिने हातातली गुंडाळी उलगडून त्यांना चित्र दाखवलं, त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग कागद उलटा केला, चष्मा लावला, चौदा नंबरच्या कामावर बोट ठेवलं. आधीचं काम झालेलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढून चौदाव्या पट्टीपुढे लिहिलं, 'होल्ड'. आणि उठून म्हणाले, यल्ला, चल आता, पाय दुखत असतील तुझे.

परत आल्यावर भाऊजी माझ्या ओट्याजवळ उभे राहून हे सगळं सांगत होते आणि मी कपाळाला हात लावून ऐकत होते. मी म्हटलं, अहो, पायरीवर विचारायचं होतं. विचारायचं तर नीट विचारावं, ते म्हणाले. बापाने बंद दुकानाच्या पायरीवर विचारलं, हे तिच्या आयुष्यभर लक्षात राहील, ते काय चांगलं? मग सोमवारी का नाही, असं मी भांडल्यासारखंच विचारलं. सोमवारी ते गेले होते. दुकान उघडं होतं, केकही उत्तम होता. पण केक समोर आल्यापासून केतकी पुण्याच्याच गोष्टी बोलत सुटली : तिथलं कॉलेज, मैत्रिणी, कुणाबरोबर खोली घ्यायची. एवढी आनंदात होती, म्हणाले, की तिला या वाळूत कशाला ओढायची. आणि मान खाली घालून त्यांनी मला दशम्यांचा डबा परत दिला, घासूनपुसून. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला नाही कळवलं. मी त्यांच्यावर आठवडाभर चिडले होते, आणि चिडायला मला जागा नव्हती हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पाच वर्षं गेली. केतकी पुण्यात आर्किटेक्ट झाली आणि काय योग बघा, नोकरी लागली ती दुबईत. मरीना भागात तेव्हा नुसते खड्डे, क्रेन आणि धुरळा होता. तिथल्या एका टॉवरच्या साइटवर आमची पोर डोक्यावर हेल्मेट घालून उभी. ती आली आणि तीन महिन्यांत भाऊजींची निवृत्ती. ती रुवैसपासून साडेतीन तासांवर, आठवड्याला एक सुट्टी, तीही कधी मिळायची कधी नाही. त्या तीन महिन्यांत बाप-लेकीची भेट झाली चारदा. चौथ्या वेळी ती सामान बांधायला आली होती. भाऊजी खोक्यांना नंबर घालत होते, आणि ती माझ्याकडे चहा घेऊन बसली.

तिनेच विषय काढला. "काकू, त्या पायरीवर त्यांनी विचारलं असतं ना, तर मी हो म्हणणार होते. सकाळपासूनच म्हणणार होते."

मी कप खाली ठेवला. मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तुम्हाला प्रॉमिस केलं होतं." तिच्या आवाजात दोष देणं अजिबात नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. "आणि त्यांनी होल्ड लिहिलं. मला वाटलं, त्यांचा विचार बदलला. दिवसभरात सगळं माझ्यामुळे बिघडलं होतं. वाटलं, हिला घरात ठेवलं तर रोज असंच होईल, हे त्यांच्या लक्षात आलं असेल. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी सोमवारी पुण्याचं बोलत बसले."

मी तिला म्हटलं, आता सांग त्यांना. ती मान हलवत म्हणाली, आता सांगून काय, काकू. ते पुण्याला चाललेत आणि मी इथे. आणि उठून खोकी भरायला गेली.

त्या मंगळवारी केतकीला साइटवरून सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघं भाऊजींना अबूधाबीच्या विमानतळावर सोडायला निघालो. दुपारचं विमान होतं. माझा नवरा गाडी चालवत होता, भाऊजी पुढे, मी मागे. समुद्र मागे पडला, मग नुसता रस्ता. भाऊजींनी तिकीट आणि पासपोर्ट दोनदा तपासून पुन्हा खिशात ठेवले. मग ते मागे न वळताच म्हणाले, "वहिनी, तुम्ही तेव्हा माझ्यावर चिडला होतात. पण व्हिएन्नाला मी विचारलं नाही, ते एक बरं केलं. पोरीला नाही म्हणावं लागलं असतं. बापाला नाही म्हटल्याचं तिला जन्मभर टोचत राहिलं असतं."

माझ्या जिभेवर ते आलं होतं. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. त्याला मी सगळं आधीच सांगितलं होतं. मला भाऊजींची मान दिसत होती, नवा हेअरकट केलेली, आणि शर्टाच्या कॉलरला इस्त्रीची घडी. ते उत्तराची वाट बघत होते. एवढी वर्षं ते हेच एक समाधान उराशी धरून राहिले असतील, आणि आता ते काढून घेतलं तर त्या जागी ठेवायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. शिवाय ते काढायचं, तर ती शपथ कुणी घातली होती, हेही सांगावं लागणार होतं.

मी म्हटलं, "हो भाऊजी. बरं केलंत."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि डोकं मागे टेकलं. थोड्या वेळाने त्यांना झोप लागली, विमानतळ येईपर्यंत. ते आता पुण्यात असतात, तब्येत बरी आहे, पोरीचं कौतुक कुणाला ना कुणाला सांगत असतात. मी त्यांच्याशी आयुष्यात तेवढं एकच खोटं बोलले. ते त्यांना जपायला बोलले की स्वतःला वाचवायला, हे मला आजही कळलेलं नाही.